नावं ठेवणाऱ्या मालूताई

नावं ठेवणारी माणसं मी जन्मभर पाहिली. पण माझ्याच दुकानात उभं राहून माझ्याच मालाला नावं ठेवणारी बाई एकच, मागच्या चाळीतल्या मालूताई.

विरार स्टेशनबाहेर गोणपाटावर फुगे विकून पै-पै जोडली आणि मनवेलपाड्यात एसटीडी बूथच्या शेजारी खेळण्यांचं दुकान टाकलं, तेव्हापासूनचा हा छळ. मालूताई चाळीतल्या कुणाच्या तरी पोरीला बोटाशी धरून येणार, बाहुली उचलणार आणि तिच्या कानाशी "कुर्रर्र" करून नाव ठेवणार. मग माझ्याकडे वळून, "आता ही यमू झाली. यमूचा भाव करता, दामूशेठ? बरं दिसतं का?" एवढं बोलून भाव मात्र त्याच करणार, आणि निम्म्यावर आणल्याशिवाय हलणार नाहीत.

नावंही अशी की भांडण व्हावं. दाबलं की किंचाळणारं रबरी बदक म्हणजे 'चेअरमनबाई'. एकदा शेजारच्या सोसायटीच्या खऱ्या चेअरमनबाई दुकानात असताना एका कारट्यानं मोठ्यानं विचारलं, चेअरमनबाई केवढ्याला? ते गिऱ्हाईक कायमचं तुटलं.

तेही मी गिळलं. पण लाल तोंडाचं, झांजा बडवणारं चावीचं माकड होतं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं दामूशेठ! जाब विचारला तर म्हणतात, "जरा चावी दिली की थयथयाट. दुसरं नाव शोभेचना." मी काउंटरवर मूठ आपटली. पोरांनी आधी माकडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मालूताईंचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला. मूलबाळ नाही. सख्खा भाऊ तेवढा रुळांपलीकडे, पश्चिमेला. त्याच्या बायकोला दिवस गेले आणि बाई हवेतच चालायला लागल्या. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. नाव ठरलंय म्हणाल्या, पण बारशाआधी बोलायचं नसतं. मी खोदून विचारलं, दाद दिली नाही.

बारशाच्या दिवशी ठेवणीतली जरीची साडी नेसून गेल्या. आणि घुगऱ्या वाटायच्या वेळेला माझ्या दुकानात हजर, एकट्या. विधवेचा हात पाळण्याला नको, असं भावजयीच्या आईचं म्हणणं पडलं. नाव कुणा चुलतबहिणीनं ठेवलं. भाऊ खाली मान घालून बसला. एवढं सांगून त्यांनी एक कापडी बाहुली उचलली, माझ्याकडे पाठ केली आणि तिच्या कानात हळूच काहीतरी सांगितलं. कुर्रर्र नाही की काही नाही.

"भाचीला पाठवते. तिच्या उशाशी राहील. सांगेल तिला कधीतरी."

मी सवयीनं दुप्पट भाव सांगितला. त्यांनी मुकाट्यानं नोटा पुढे केल्या. माझं डोकंच फिरलं.

"अहो मालूताई, भाव करा. दुप्पट सांगितलाय मी."

"असू दे. आत्यानं हात आखडता घ्यायचा नसतो."

बाहुली पदराखाली घेऊन त्या पायरी उतरल्या. तेवढ्यात एक बाई शिट्टीचा भाव विचारायला आल्या. त्यांच्यावर मी विनाकारण खेकसलो.