जाड का बारीक?

दळणाचा डबा खाली ठेवला की गिरणीवाला विचारतो, "जाड का बारीक?" आमच्या देवळालीतले गिरणीवाले बाबूराव आण्णा हेच माणसांनाही विचारतात. मी लंगडत आले तर म्हणाले, "वैनी, गुडघा जाड दुखतो का बारीक?" आता काय सांगावं! "दळून बघा," म्हटलं.

पण त्यांचा खरा जीव दहावी-बारावीच्या पोरांत. शाळा सुटली की वाटेवरच्या पोराला हाक मारणार, त्याचं दप्तर काट्यावर ठेवणार. "सात किलो! ज्वारी असती तर घरादाराला आठ दिवस पुरली असती." मग विचारणार, "टेन्शन हाय का? जाड का बारीक?" जाड म्हणजे रडणारं, आदळआपट करणारं. त्याची आण्णांना काळजी नाही. "जाड दिसतं. बारीक लई वाईट, वैनी. दिसत न्हाई, पन नाकातोंडात जातं."

त्यांचा उपाय एकच. पोराला गिरणीशेजारी उभं करायचं आणि बटण दाबायचं. "वरड आता! काय बी बोल. गिरन कोनाला सांगत न्हाई." त्या धडधडीत खरंच काही ऐकू येत नाही, आणि आण्णांचे कान तर चाळीस वर्षांत गिरणीनेच खाल्लेले. एकदा शेजारचा ओंकार रंगात येऊन गणिताच्या सरांना शिव्या घालत होता, तेवढ्यात लाईट गेली. गिरणी थांबली, ओंकार थांबला नाही. आणि सर गव्हाचा डबा घेऊन दारात उभे! आण्णांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, जाड का बारीक?"

यंदा माझी नात श्रावणी दहावीला. प्रिलिमला गणितात अकरा मार्क पडले, तेव्हापासून ती रडली नाही की भांडली नाही. डब्यातली पोळी तशीच घरी यायची. विचारलं की, "काही नाही, आजी." बोर्डाचा पेपर चार दिवसांवर आला, तेव्हा दळणाचं निमित्त काढून मी तिला आण्णांकडे नेलं.

आण्णांनी बटण दाबलं. "वरड, बाय." श्रावणी नुसती उभी. मग आण्णांनी खुणेनं सांगितलं, बघ, असं. आणि डोळे मिटून स्वतःच गिरणीकडे तोंड करून ओरडायला लागले. गळ्याच्या शिरा टरारल्या. मला वाटलं, पोरीला हसवायला सोंग करतायत. मी हसत होते.

आणि लाईट गेली.

पट्टा फटफटत मंदावला, आणि त्याखालून आण्णांचा आवाज वर आला. "मंगल, नापास झालीस तं होऊ दे! घरी ये! म्या काय बी बोलनार न्हाई. ये गं!"

मंगल त्यांची एकुलती लेक. दहावीचा निकाल आणायला शाळेत गेली, ती घरी आलीच नाही. पार नेवाशापर्यंत शोधलं, पण काही कळलं नाही. बावीस वर्षं झाली. गावात कोणी त्यांच्यापुढे तिचं नाव काढत नाही. भर दुपारी गिऱ्हाईक नसताना गिरणी चालू असायची, तेव्हा मी वेडी म्हणायचे, म्हाताऱ्याला लाईटबिलाची फिकीर नाही.

डोळे उघडल्यावर आण्णांना कळलं, गिरणी बंद पडलीय. खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत ते खाली बसले.

"तिचं बारीक हुतं, वैनी," म्हणाले. "मला दिसलं न्हाई."

श्रावणी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली. कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आण्णा, माझं पण बारीक आहे." आणि मग बोलायलाच लागली. पुस्तक उघडलं की हात गार पडतात. बाबांनी सगळ्या पाहुण्यांना सांगून ठेवलंय, नव्वद टक्के पडणार म्हणून. "नापास झाले तर घरी कसं यायचं, आजी?"

"चालत यायचं," मी म्हटलं. "मी दारातच असते."

तिनं मान हलवली, पण बोलायची थांबली नाही. किती दिवसांचं साठलं होतं, देव जाणे.

मध्येच लाईट आली, भिंतीवरचा बल्ब लागला. आण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, पण बटणाला हात लावला नाही. कानामागे तळवा धरून ते तिच्याकडे आणखी जवळ सरकले.