निवल्यापासूनचं वय

एसटीत कंडक्टरनं झरीकर सरांना वय विचारलं, की मी खिडकीकडे तोंड फिरवतो. ज्येष्ठ नागरिकाचं तिकीट पाहिजे ना, मग माणसानं वय सांगावं, आधार कार्ड दाखवावं आणि गप्प बसावं. पण नाही.

"कुठलं वय पायजे तुला? जन्मल्यापासूनचं का निवल्यापासूनचं?"

कंडक्टर आधी हसतो, मग वैतागतो. मागची माणसं ओरडायला लागतात. जिंतूरची गाडी झरीच्या स्टॉपवर खोळंबलेली, आणि हा माणूस दांडीला धरून सगळ्यांना दगडाचं शास्त्र शिकवतोय. हे माझे दाजी, माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडीत कुणाला हे नातं कळू नये म्हणून मी शेवटपर्यंत बाहेरचा कापूस बघत बसतो.

दाजी परभणीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. जिंतूरकडचे थोडे डोंगर सोडले तर आमचा जिल्हा पोळपाटासारखा सपाट. अशा ठिकाणी शहाण्या माणसानं लोकांना विहिरीची जागा दाखवावी, चार लोक नमस्कार तरी करतील. ह्यांनी नाद धरला तो सह्याद्रीचा. सह्याद्री वर केव्हा आला, हे ह्यांना शोधायचं होतं. दर मे महिन्यात घाटाखाली जायचे आणि पोतं भरून दगड घेऊन यायचे. "काय हाय ह्याच्यात?" स्टँडवरचा हमाल विचारायचा. "डोंगर," असं सांगून दाजी वर त्याच्याशी भांडायचे, पोतं आपटलंस म्हणून.

त्यांचं शास्त्र मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय, की मी झोपेतही म्हणून दाखवीन. दगड खोल जमिनीत असतो तोवर तापलेला असतो. त्याच्यातल्या काही बारीक दाण्यांमध्ये सारख्या रेघा उमटत असतात, पण तापलेल्या दाण्यात रेघ टिकत नाही, बुजून जाते. जमीन वर उचलली जाते, वरचा थर झिजतो, खालचा दगड हळूहळू वर सरकतो आणि निवतो. निवला, की रेघा राहायला लागतात. त्या मोजल्या, की दगड केव्हा निवला ते कळतं, आणि त्यावरून डोंगर केव्हा वर आला त्याचा अंदाज येतो.

"तापलेल्याला काय बी आठवत न्हाई, महादेव," दाजी बोट नाचवून सांगायचे. "निवला, तिथून त्याचं वय मोजायचं."

"मग दाजी, तुमचं वय अजून सुरूच झालं नसंल," मी एकदा म्हणालो. त्या दिवशी त्यांनी मला जेवणाच्या पाटावरून उठवलं.

कारण दाजी कायम तापलेले. वरणात मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. पोरांनी परीक्षेत 'डोंगर अनादि काळापासून आहेत' असं लिहिलं की पेपर भिरकावायचे. माझी गिरिजाअक्का ह्या माणसाजवळ जन्मभर कशी राहिली, हे मला आजही कळत नाही. मूलबाळ नाही, घरात माणसं दोनच, आणि त्यातलं एक सारखं ओरडणारं.

शेकाचं प्रकरण तर आमच्या सगळ्या नात्यात गाजलं. घाट चढून चढून दाजींचे गुडघे गेले. अक्का विटेचा शेक द्यायची, पण वीट फुटायला लागली. मग तिनं पलंगाखालच्या पोत्यातून एक चांगला गच्च दगड काढला. न्हाणीघरातल्या चुलीत निखाऱ्यात घालायचा, बाहेर काढून थोडा निववायचा, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळायचा आणि गुडघ्यावर ठेवायचा. सगळा हिवाळा हेच चाललं. "लय गुण आला," असं दाजी येईल त्याला सांगत होते. एक दिवस धडपं सुटलं आणि दगडावर त्यांना स्वतःच्या हातानं रंगवलेला नमुन्याचा नंबर दिसला.

त्यांची बोंब चौथ्या घरापर्यंत गेली. मी तिथंच होतो.

"पुसलंस! समद्या रेघा पुसल्यास! सह्याद्री पुसलास तू!"

"पुसला न्हाई वो," अक्का म्हणाली. "भाजलाय फकस्त. चला, भाकरी निवायलीय."

त्यानंतर महिनाभर दाजी तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र रोज शेक देत राहिली, विटेचा.

गेल्या वर्षी अक्का गेली. आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात आणि वर समाधी बांधतात. जिंतूर रोडला माझं फरशीचं दुकान आहे, त्यामुळे समाधीचा दगड मीच देणार हे ठरलेलं होतं. फक्त दाजींनी पसंत करायचा होता. आणि इथं माझं डोकं फिरायची वेळ आली. दाजी दर आठवड्याला दुकानात यायचे, एकेका दगडावर नखानं टकटक करायचे आणि नाक मुरडून निघून जायचे. हा फार गुळगुळीत, हा परक्या मुलखातला, हा 'उगंच' आहे. दगड उगंच कसा असतो, देव जाणे.

पुण्यस्मरण तोंडावर आलं. ताडकळसचं एक गिऱ्हाईक स्वयंपाकाच्या ओट्यासाठी काळा ग्रॅनाइट बघत होतं, तेवढ्यात दाजी आत आले.

"ह्याला ग्रॅनाइट कोण म्हणलं? काळं दिसलं की ग्रॅनाइट? उद्या म्हशीला बी म्हणशील!"

गिऱ्हाइकानं गाडीला किक मारली. माझा तोल गेला.

"बस झालं दाजी! माझी अक्का उघड्या मातीखाली पडलीय. गुरं फिरायलेत तिच्यावरून. अन् तुमी हितं खोड्या काढायलाव! जित्तेपणी तिला सुखानं घास गिळू दिला न्हाई, आता एक दगड बी द्यायला जमंना तुमाला?"

आता दाजी दुकान डोक्यावर घेतील म्हणून मी तयारीत होतो. भांडायचंच होतं मला, वर्षभराचं साचलेलं. पण ते तसेच वळून निघून गेले. दुपारी परत आले ते छातीशी एक गाठोडं धरून. अक्काच्या लुगड्याचं धडपं मी लगेच ओळखलं. आत तोच दगड होता, धुरानं काळा पडलेला, नंबर अर्धा जळालेला.

"हाच बसव."

"हा? एवढासा?" मी ओरडलोच. "अन् हा तर तुमच्या लेखी वाया गेलेला!"

"वाया न्हाई गेला." दाजी स्टुलावर बसले. "सह्याद्री कवा वर आला, ते आता ह्याला आठवत न्हाई. तिनं चुलीत घातला, भाईर काढून निववला, माज्या गुडघ्यावर ठिवला. तिथून ह्याचं वय. ह्याला फकस्त तीच ठाऊक हाय. तुज्या दुकानातला एक बी दगड तिला वळखत न्हाई रं."

मी दगड उचलून हातात घेतला.

"अन् माजं बी तसंच झालं," ते दगडाकडं बघत म्हणाले. "ती अंथरुणाला खिळली, तवा निवलो म्या. त्याच्या आधीचं आठवायला बसतो, तर काईच गवसंना. ती हसायची कशी, ते सुदीक न्हाई. जन्मभर समोर व्हती, महादेव."

त्यांचा राग मला पुष्कळ ठाऊक होता. ह्या निवलेल्या माणसाचं काय करायचं ते कळेना. माझे डोळे भरून आले, आणि ते दिसू नयेत म्हणून मी कोरीव काम करणाऱ्या रहीमचाचांना हाक मारली.

चाचांनी दगड धुतला, खडूनं नाव आखलं आणि विचारलं, "जनमतारीख काय टाकू सर?"

मी डोळे मिटून घेतले.

"काई नका टाकू," दाजी म्हणाले. "नाव पुरे."

चाचांनी मशीन सुरू केलं तशी दाजींनी ओट्यावरचा तांब्या उचलला आणि दगडावर धार धरली.

"सर, शॉक बसंल!"

"बसू द्या. पण त्याला तापू देऊ नका चाचा. तापला की ती बी पुसंल."

"मशीन हाय सर, थोडा तर गरम होणारच."

"मग थांबत थांबत कोरा. मला घाई न्हाई."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. चाचा अक्षराचा थोडा भाग कोरायचे, थांबायचे, दाजी तळहात ठेवून दगड गार आहे का बघायचे, मग मान हलवायचे. 'गिरि' झालं. शेवटचं अक्षर सुरू झालं आणि तांब्या रिकामा झाला.

"महाद्या! पाणी आण की! बघत काय उभा राहिलास?" दाजी माझ्यावर खेकसले.

मी तांब्या घेऊन पळालो.