चष्म्याच्या दुकानातली निळी बाटली

"माझ्या नजरेतून काही सुटत नाही!" चष्मेवाले भाऊ येईल त्या गिऱ्हाइकाला ऐटीत सांगायचे. पण चष्मा बसवायला ते खाली वाकले, की नव्या चष्म्यातून गिऱ्हाइकाला पहिल्यांदा लख्ख दिसायची ती भाऊंची विरळ टाळू! एकाने तर तिच्याकडे टक लावून "वा, आता बारीकसारीकही दिसतंय!" अशी पावती दिली. भाऊंच्या काळजात चर्र झालं.

ते गुपचूप डॉक्टरांकडे गेले.

"पिढीजात आहे," डॉक्टर म्हणाले. "हे औषध रोज टाळूला लावा. सुरुवातीला केस जास्तच गळतील, घाबरू नका. महिनोन् महिने धीर धरावा लागतो."

धीर होता हो, पण बायकोला कळलं तर? "आमच्या घराण्यात टक्कल नाही!" अशी बढाई भाऊंनी लग्नाआधीच मारली होती, तीही कधी टोपी न काढणाऱ्या वडिलांच्या शेजारी बसून! म्हणून त्यांनी औषध काचा पुसायच्या स्प्रेच्या रिकाम्या निळ्या बाटलीत ओतलं आणि बाटली मागच्या खोलीत ठेवली. चष्म्याच्या दुकानात त्या बाटलीचा संशय कोणाला येणार?

इकडे धंदा बसत चालला होता. समोर मोठं झगमगीत दुकान उघडलेलं, आणि भाऊंकडे चुकून येणारी गिऱ्हाइकंही महिनाभर "धूसर दिसतंय" म्हणून कुरकुरत होती. "नंबर वाढलाय तुमचा!" भाऊ त्यांनाच दटावायचे.

अशात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. शाळेतल्या मुलांचे सगळे चष्मे एकाच दुकानातून घ्यायचे होते. आधी स्वतःचा करून पाहणार, पसंत पडला तरच पुढचं. हे काम गेलं असतं, तर शटर कायमचं ओढायची वेळ आली असती.

भाऊंनी काउंटरवरची निळी बाटली फुसफुस केली, काचा पुसल्या, चष्मा बाईंच्या नाकावर चढवला.

"अहो, सगळं तेलकट धुकं दिसतंय!"

भाऊंनी पुन्हा फवारलं. धुकं दाट झालं!

"अगं, तुझ्या खणातली बाटली दे!" गल्ल्यावर बसलेल्या बायकोला ते म्हणाले.

बायको जागची हलेना. "ती नको. संपलीये."

"भरलेली दिसतेय की!" भाऊंनी स्वतःच ती ओढली आणि फवारली. आता तर बाईंना समोरची भिंतही दिसेना! भाऊंनी दोन्ही बाटल्या शेजारी धरून पाहिल्या. औषध त्यांनी एकाच बाटलीत भरलं होतं. मग ही दुसरी कोणाची?

बाईंनी चष्मा काढून हुंगला. "हा वास ओळखीचा आहे. मी रोज लावते हे. कोणाचे केस गळतायत?"

"माझे!" नवरा-बायको दोघं एकदम म्हणाली.

बाईंनी तिथेच वर्ग भरवला. "पुरुषांचं टाळूपाशी नाहीतर कपाळाशी सुरू होतं, आपल्या बायकांचा भांग रुंद होत जातो. रक्त तपासलंत का?"

"हो," बायको म्हणाली. "लोह कमी निघालं. त्याच्या गोळ्या चालू आहेत."

"छान. ह्यांना डॉक्टरांनी कधी केसांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांना मात्र हात लावू नका. त्या बायकांसाठी नसतात."

भाऊ बायकोकडे वळले. "अगं, मला सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं? तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हटलं भांग दिसेलच. वर्षभर वाट पाहिली."

भाऊंना फार वाईट वाटलं. खाली मान घालायचीही सोय नव्हती, टाळू दिसली असती!

"ते घरी बोला," बाई म्हणाल्या. "माझ्या चष्म्याचं काय?"

बायको मागच्या खोलीतून तिसरी बाटली घेऊन आली. भाऊ "अगं, ती नको!" म्हणेपर्यंत तिने फवारून पुसलंही. बाईंनी चष्मा लावला.

"वा! लख्ख! मुलांचे चष्मे तुमच्याकडेच."

"मागची खोली आवरताना बाटल्यांची अदलाबदल झाली वाटतं," बायको पुटपुटली. "महिना झाला त्याला."

भाऊंचा हात आपोआप डोक्यावर गेला. महिनाभर आरशात टाळूला वेगळीच चकाकी दिसत होती खरी. औषध लागू पडलं म्हणून ते केवढे खूश होते!