सहाध्यायीवर बसण्याबाबत

खोली क्रमांक चौदामधल्या तिसऱ्या रांगेतल्या बाकाला यंदा एम.ए. शैक्षणिक मानसशास्त्राला प्रवेश मिळाला. प्रवेश परीक्षेत त्याला शंभरपैकी एकाहत्तर गुण होते, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मी या विभागात वरिष्ठ लिपिक आहे. अर्ज माझ्याच टेबलावर आला. जन्मस्थान, आलापल्लीचं जंगल. पूर्वशिक्षण, याच वर्गात एकोणतीस वर्षं, हजेरी शंभर टक्के, सुट्ट्या धरून. लिंगाचा रकाना मात्र कोरा होता. विचारलं तर बाक म्हणालं, "लोक 'तो बाक' म्हणतात, 'ते बाक'ही म्हणतात. मराठी विभागाला विचारून घ्या, पाटोळेसाहेब." मराठी विभागाचं उत्तर चार दिवसांनी आलं. दोन्ही रूपं शुद्ध आहेत, पण अर्जात एकच लिहावं. आम्ही नपुंसकलिंग लिहिलं.

हजेरीपटावर बाकाच्या आधीचं नाव होतं वैजयंती धोत्रे. या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत पंधरा वर्षं शिकवत होत्या आणि दोन वर्षांची अध्ययन रजा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या वर्गातली मुलं त्यांच्याशी बोलत नसत. का बोलत नाहीत, एवढंच त्यांना शिकून जायचं होतं. पण त्यासाठी सांख्यिकीचा पेपर सुटणं भाग होतं, आणि प्रमाण विचलन हा शब्द फळ्यावर आला की त्या वही मिटून ठेवायच्या.

पहिल्या दिवशी त्या येऊन बाकावर बसल्या. हजेरी झाली, बाकानं खालून "हजर" म्हटलं, तशा त्या ताडकन उठल्या.

"माफ करा हं. मला कल्पना नव्हती."

"बसा बाई," बाक म्हणालं. "उभ्यानं काय शिकणार तुम्ही?"

त्या बसल्या. पुढेही बसत राहिल्या. सांख्यिकीच्या तासाला काही अडलं की बाक हळूच समजावून सांगे. एकोणतीस वर्षं तोच पाठ ऐकलेला, आणि सरांचा विनोद कुठे येतो तेही पाठ. मुलांबद्दलही ते बरंच सांगायचं.

"उत्तर येत नसलं की मुलं माझी कडा नखानं कुरतडतात," ते एकदा म्हणालं. "आणि येत असून बोलायची भीती वाटत असली, की दोन्ही हातांनी मला घट्ट धरतात."

वैजयंतीबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं. "माझ्या वर्गातली सगळी बाकं घट्ट धरलेली असतात हो," त्या म्हणाल्या.

ऑक्टोबरमध्ये निनावी तक्रार आली. एक विद्यार्थिनी दुसऱ्या विद्यार्थ्यावर रोज बसते, सबब रॅगिंगविरोधी नियम लागू करावा. तक्रारीत तथ्य होतं. आरोप सिद्ध झाला तर बाईंचं नाव पटावरून कमी होणार होतं आणि रजा रद्द होणार होती.

सुनावणी खोली चौदातच ठेवली, कारण बाकाला जिना चढता येत नाही. समितीत दोघंच होते, आमच्या विभागप्रमुख डॉ. वसुधा हिरेमठ आणि विधी विभागाचे प्राध्यापक सरपोतदार. टिपण मी घेत होतो.

"धोत्रेबाई, तुम्ही सहाध्यायीवर बसता हे खरं आहे?" सरपोतदारांनी विचारलं.

"हो सर. रोज."

"किती वेळ?"

"तास असेल तितका वेळ. सांख्यिकीला दोन तास."

सरपोतदार बाकाकडे वळले. "तुमच्यावर काही दबाव होता?"

बाकानं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "होता," ते म्हणालं. "साधारण बासष्ट किलो."

वैजयंतीबाईंनी मान खाली घातली.

"पण माझी संमती आहे," बाक घाईनं म्हणालं.

"दबावाखाली दिलेली संमती ग्राह्य धरता येत नाही," सरपोतदार म्हणाले. हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण कायद्यानं ते बरोबर होतं. हिरेमठ मॅडमनी चष्मा काढून पुसला. बाईंनी पर्सची चेन लावली आणि विचारलं, "गावाकडची गाडी चारची असते. तोवर सही होईल का?"

"थांबा," बाक म्हणालं. "एकानं दुसऱ्यावर बसणं म्हणजे रॅगिंग. दोघांनी एकमेकांवर बसणं म्हणजे काय?"

सरपोतदारांनी नियमपुस्तिका उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मग परिशिष्टही वाचलं. "गटकार्य," ते अखेर म्हणाले. "त्याला उत्तेजन द्यावं, असं इथं आहे."

त्याप्रमाणे आदेश निघाला. सोमवार, बुधवार, शुक्रवार वैजयंतीबाई बाकावर. मंगळवार, गुरुवार, शनिवार बाक वैजयंतीबाईंवर. आवक-जावक नोंदवहीत मी तो स्वतः चढवला.

मंगळवारी आम्ही वर्गात सतरंजी घातली. बाई पाय पसरून, भिंतीला टेकून बसल्या. दोघा विद्यार्थ्यांनी बाक उचललं आणि हलकेच त्यांच्या मांडीवर ठेवलं. बावीस किलो सागवान. कुणी हसलं नाही. सरांनी फळ्यावर सहसंबंध गुणांक लिहिला आणि शिकवायला सुरुवात केली. मी हजेरीपट न्यायला आलो होतो, तो दारातच थांबलो.

बाक शेवटपर्यंत गप्प होतं. एरवी ते सरांच्या आधी विनोद सांगून टाकायचं, त्या दिवशी तेही नाही. तास संपला, वर्ग रिकामा झाला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "बरं वाटत नाहीये का?"

"तसं नाही," बाक म्हणालं. "खाली कुणीतरी असलं की ऊब लागते. एकोणतीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं."

बाईंनी दोन्ही हातांनी बाकाची कडा घट्ट धरली.

"बोला बाई," बाक म्हणालं.

"पायाला मुंग्या आल्यात," वैजयंतीबाई म्हणाल्या. "जरा डावीकडे सरकता का?"

बाकाला सरकता येत नव्हतं. म्हणून मी आत गेलो आणि सरकवलं.