मारबतीला नवं लुगडं

जाहिरात म्हणजे काय, हे त्या काळात अख्ख्या नागपुरात दोघांनाच कळत होतं. एक मी, आणि दुसऱ्याचा शोध अजून लागायचा होता! हसा, हसा. पण पोस्टानं अभ्यास करून मिळवलेलं सर्टिफिकेट होतं माझ्याकडे, तेही काचेच्या फ्रेमात. त्याच जोरावर विणकरांच्या सोसायटीनं मला प्रसिद्धी चिटणीस केलं.

अध्यक्ष ईश्वरदासजी म्हणाले, "केशवराव, लुगडी आपली चांगली हायेत, पण लोकायले माईतच नाही. दिवाळीपर्यंत नाव झालं पायजे."

मी म्हटलं, "दिवाळी काहून? पोळ्यालाच अख्खं शहर आपलं लुगडं ओळखेल!"

आणि ओळखलं हो! तेच तर सांगतोय.

सोसायटीत नत्थूजी म्हणून एक विणकर होते. बोलणं कमी आणि हात सोन्याचा. त्या साली त्यांनी एक नवं लुगडं काढलं होतं, जांभळं अंग आणि पिवळाधमक करवतकाठ. पहिलं विणलं ते स्वतःच्या पोरीसाठी. प्रेमिलाचं लग्न उमरेडला ठरलं होतं, मार्गशीर्षातलं. विणकराची पोर बापाच्या मागावरचं लुगडं नेसूनच बोहल्यावर उभी राहणार, हा आमच्या मोहल्ल्याचा रिवाज. दुकानातलं नेसली तर मांडवातच लोक विचारतात, "काहून, बापाचा माग बंद पडला का?" तर पहिलं लुगडं घडी करून पेटीत गेलं, आणि त्याच्यासारखी बाकीची विणून दिवाळीच्या विक्रीसाठी सोसायटीच्या बर्डीवरच्या, म्हणजे नागपूरच्या मोठ्या बाजारातल्या, दुकानात आली.

पोळ्याच्या आधी मोहल्ल्यातला धोंडबा दुकानात आला.

"केशवराव, मारबतीले एखादं जुनं लुगडं द्या नं. फाटकं बी चालते जी."

नागपूरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. बांबूची, कागदाची भलीमोठी बाई करायची, वाजतगाजत गावभर फिरवायची, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत! खोकला खासी घेऊन जा गे मारबत!" असं बोंबलायचं आणि शेवटी नेऊन जाळायची. मोठ्या मारबती वेगळ्या, पण मोहल्ल्यामोहल्ल्याच्या लहानही असतात. आमची त्यातली.

धोंडबानं फाटकं मागितलं आणि माझ्या डोक्यात वीज चमकली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांचा समुद्र! गच्चीगच्चीवर बाया! आणि सगळ्यांचे डोळे एकाच बाईवर! कोणत्या पेपरात एवढी जागा मिळते, सांगा?

मी काचेतलं नवंकोरं करवतकाठी लुगडं काढून धोंडबाच्या हातात दिलं.

तो दचकलाच. "नवं? जाळाले?"

"तू नेसव. आणि गळ्यात ही पाटी घाल. 'हे लुगडे विणकर सोसायटीचे. आपणही नेसा!'"

"पाहा बापा," तो म्हणाला. "आजवर कोणी नवं देलं नाही."

"म्हणूनच तर!" मी म्हणालो. आजवर कोणी काहून दिलं नसेल, हा प्रश्न सर्टिफिकेटाच्या अभ्यासक्रमात नव्हता.

मारबत निघाली. काय दिसत होती म्हणता! लोक तिच्याकडे बघून खोकत होते, खाजवत होते, आपापली दुखणी तिच्या पदरात टाकत होते. पाटी सगळ्यांनी वाचली. मी फुटपाथवर उभा राहून छाती फुगवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई आली. लुगड्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"हे तं मारबतीचं नं वं?" ती सोबतच्या बाईला म्हणाली, आणि दोघी समोरच्या मिलच्या साड्यांच्या दुकानात गेल्या. तिच्यामागून आलेल्या सगळ्या बाया तशाच गेल्या.

तरी शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी 'दैनिक तोफखाना'त गेलो! तिथले बातमीदार मार्तंडराव माझे दोस्त. कोणत्याही कार्यक्रमाला स्वतः न जाता त्याची बातमी लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आपण लिहून द्यायचं, ते वर आपला मथळा ठोकायचे. मी लिहून दिलं, 'सोसायटीच्या लुगड्याने वेधले हजारोंचे लक्ष.' त्यांनी मथळा ठोकला, 'सोसायटीचे लुगडे नेसून मारबत जळाली!'

"मार्तंडराव, हे काय केलं?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही, पण..."

"मग खुलासा द्या. खुलाशाला आम्ही चौकट देतो."

मी खुलासा दिला. वाक्य अजून पाठ आहे मला. 'सोसायटीचे लुगडे नेसल्याने कोणाही भगिनीस खोकला, खाज अथवा अन्य पीडा झाल्याचे आढळलेले नाही.' चौकटीत छापून आलं, ठळक टायपात. ज्यांनी मारबत पाहिली नव्हती, बातमी वाचली नव्हती, त्या सगळ्यांना आता नीट कळलं! असा भैताडपणा पैसे देऊनही कोणी करून दिला नसता.

त्याच दिवशी नत्थूजींची बायको रुख्माबाई दुकानात आली. पदर खोचलेला.

"काहून जी केशवराव, माह्या पोरीचं लुगडं तुमी जाळलं?"

"रुख्माबाई, तुमच्या पोरीचं पेटीत आहे. ते वेगळं, हे वेगळं."

"काठ एकच हाय नं? रंग एकच हाय नं? उमरेडवाल्यायनं ऐकलं तं? पोरगी काय नेसून उभी राहीन?"

तिचा आवाज फाटला. मागे नत्थूजी उभे होते, ते हळूच म्हणाले, "राहू दे वं. उमरेडले हे कोणाले माईत नसन. गप बसलं तं निभून जाईन."

गप बसायचं? प्रसिद्धी चिटणीसानं? मी म्हटलं, "नत्थूजी, अफवा कानावर जायच्या आत आपण पोचलं पाहिजे. मी स्वतः उमरेडला जातो!"

"नोका जाऊ जी," नत्थूजी म्हणाले. "हात जोडतो."

मी गेलो.

प्रेमिलाच्या होणाऱ्या सासूबाई, अंजनाबाई, फार मायाळू बाई. मुलीकडचा माणूस आला म्हणून पाट दिला, चहा दिला, वर चिवडा दिला. "पोरीची तब्येत बरी हाय नं? लुगडं विणून झालं म्हणे तिच्या बाबाचं. आमचे लोक पाहाले लय उतावीळ हायेत."

मी चहा संपवला, पेपरची घडी उलगडली आणि म्हणालो, "अंजनाबाई, तुमच्या कानावर जे आलं आहे ते साफ खोटं आहे!"

"काय आलं जी कानावर?"

"तेच. मारबतीचं."

"कोणच्या मारबतीचं?"

त्यांना काहीच माहीत नव्हतं! उमरेडला तो पेपरच येत नव्हता. तो गावात आणणारा पहिला माणूस मीच. आता मागे फिरावं कसं? मी खुलासा मोठ्यानं वाचून दाखवला. खोकला, खाज अथवा अन्य पीडा. वाचता वाचताच माझा आवाज बारीक होत गेला.

अंजनाबाईंनी माझा रिकामा कप उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "मागच्या साली आमचा नातू खोकल्यानं गेला. मोठ्या पोराचा. डांग्या खोकला होता. तवापासून मी रोज देवाले म्हणतो, माह्या घरात तो आवाज पुन्हा नोको." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "पोरगी सोन्यासारखी हाय. सोयरीक मोडत नाही मी. पण ते लुगडं माह्या उंबऱ्याच्या आत नोको. साडी आमी आणतो, बर्डीवरून."

मला लाज वाटली, आणि त्या बाईचा राग तर मुळीच आला नाही. चिवडा तसाच टाकून मी यष्टी पकडली.

मार्गशीर्षात लग्न लागलं. प्रेमिला मिलच्या गुलाबी साडीत उभी राहिली. मांडवात कोणी तरी विचारलंच, "काहून, नत्थूजीचा माग बंद पडला का?" नत्थूजींनी मान खाली घातली आणि अक्षता टाकल्या. पोरगी निरोप घेताना बापाच्या गळ्यात पडली तेव्हा सगळे रडले. मी मांडवाच्या खांबाआड उभा होतो. रुख्माबाईंच्या समोर जायची छाती नव्हती.

आता खरी गोष्ट. उमरेडला जायच्या आदल्या दिवशी मी मार्तंडरावांना लग्नाची बातमीही देऊन ठेवली होती! मोहीम फत्ते होणारच, मग उशीर कशाला, असा विचार. नंतरच्या गडबडीत ते साफ विसरलो. पण मार्तंडराव आलेला कागद वाया घालवणारे नव्हते. लग्नाला न येता त्यांनी बातमी लावली, आणि जन्मात पहिल्यांदा मथळासुद्धा माझाच ठेवला.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात नत्थूजी. हातात 'तोफखाना'. मी म्हटलं, आता हे मारणार, आणि मारलंच पाहिजे.

"केशवराव, मले वाचता येत नाही. शेजारच्यानं सांगतलं, पोरीचं छापून आलं. वाचून दाखवा."

मी वाचलं. 'वधू चि. सौ. कां. प्रेमिला ही पित्याने स्वहस्ते विणलेले जांभळे करवतकाठी लुगडे नेसून बोहल्यावर उभी राहिली. तिचे ते साजरे रूप पाहून उपस्थितांचे डोळे पाणावले.'

"नत्थूजी, माफ करा. उद्याच खुलासा देतो मी की हे चुकीचं..."

"अजून एकडाव वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पेपर माझ्या हातातून घेतला, काठ जुळवून अगदी लुगड्यासारखी घडी घातली आणि बंडीच्या आत ठेवला.

"पेपरात तं नेसली नं," ते म्हणाले. "खुलासा नोका देऊ जी."

नाही दिला. आणि मंडळी, उभ्या आयुष्यात मी न दिलेला तेवढा एकच खुलासा.