अक्षरं ओळीनं लावली त्याची गोष्ट

त्या दिवशी सकाळी अशी धुई पडली होती की अंगणातला लिंब दिसेना. तुरीला फुलोरा आलेला, आणि धुई पडली की फूल गळतं, म्हणून गावात जो तो आभाळाकडं तोंड करून उभा. मी मात्र ओसरीवर लॅपटॉपपुढं बसलो होतो. मला तुरीपेक्षा त्याची धास्ती जास्त.

लॅपटॉप नवा. आमच्या शिवहारनं, म्हणजे पोरानं, हिंगोलीहून बायकोसाठी आणलेला. (लोक बायकोला साडी आणतात. असो.) सूनबाई, शिवकन्या, मराठी टायपिंग शिकलेली. परभणीचा कोणी एक छापखाना तिला घरबसल्या काम देणार होता, पण आधी लॅपटॉपवरच परीक्षा, त्याच दिवशी दुपारी. पास झाली तर काम घरी येणार आणि माणसं घरी राहणार. नापास झाली तर दोघंही पुण्याला कंपनीत, आणि लेकरू त्यांच्यासोबत.

लेकरू म्हणजे माझी नात. ती माझी मिशी मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. पुण्यात तिला मिशी कोण देणार? या एका विचारानं माझं जेवण तुटलं होतं. चांगुणाबाई, आमची मंडळी, रोज अर्धी भाकर परत उचलायची आणि कुत्र्याला टाकायची. कुत्रं चांगलं भरलं होतं.

आता माझं सांगतो. मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, मेंढरांचीच तोंडं पाहिली. अक्षरं शिकलो ती पार उतारवयात, साक्षरता वर्गात. बाई आम्हा म्हाताऱ्यांकडून रोज ओळ म्हणून घ्यायच्या, क ख ग घ, च छ ज झ. त्यामुळं अक्षरं ओळीनं उभी असली की मी एकेकाला बराबर ओळखतो. एकटं कुठं भेटलं की मला आधी त्याचं घर आठवावं लागतं. (हे मी सांगून राहिलो आणि सूनबाई टाइप करून राहिली. मी 'न्हाई' म्हणतो तिथं ती 'नाही' लिहिते, फक्त कोणाचं बोलणं तेवढं तसंच ठेवते. मी काही बोलत नाही.)

तर सूनबाई न्हायला गेली होती. लॅपटॉप ओसरीवर उघडा. मी सहज वाकून बटणं पाहिली. ब च्या शेजारी ह! ह च्या शेजारी ग, ग च्या शेजारी द! बाजाराच्या दिवशी चार जणांची मेंढरं एकमेकांत मिसळावी तसा सगळा गोंधळ. त्यातल्या त्यात एक बरं होतं, क च्या पोटाशी ख, ग च्या पोटाशी घ, अशी पिल्लं आयांजवळ होती. पण आया सगळ्या वाट चुकलेल्या.

मला वाटलं, दुकानातल्या पोरानं घाईघाईत बटणं कशीही बसवली. आणि हे असलं सामान घेऊन माझी सून परीक्षेला बसणार! एक क हुडकायला तिला किती वेळ लागेल? तिचा वेळ संपणार, ती नापास होणार, गाडी पुण्याला निघणार. मला ती गाडी दिसायलाच लागली. मागच्या खिडकीत नात, आणि तिच्या मुठीत काहीच नाही.

मी कमरेचा चिमटा काढला. मेंढरांच्या पायातला काटा काढायचा चिमटा तो. बटणाखाली अलगद घातला, उचललं. 'कट्!'

माझ्या काळजातच कट् झालं. पण बटण शाबूत. दुसरं उचललं. मी घाई केली नाही; घाई मला जमतही नाही. एकेक काढलं, धोतराच्या सोग्यात ठेवलं आणि ओळीनं बसवत गेलो. क, ग, च, ज. दाबलं की आपल्या जागी जाऊन बसायचं, गरीब गायीसारखं.

दोन बटणांना मात्र हात लावला नाही. एकावर र होता, दुसऱ्यावर वेलांटी. दोघांच्याही अंगावर बारीक उंच रेघ होती, मुद्दाम केलेली खूण. आमच्यात देवाच्या नावानं सोडलेल्या मेंढीच्या कानाला खूण करतात. तिला विकत नाहीत, दुसऱ्या कळपात घालत नाहीत. तिथली तिथंच राहू देतात. दुकानदाराचा देव कोणता ते मला ठाऊक नव्हतं, पण देव तो देव. मी दोघांना हात जोडले आणि पुढं सरकलो.

काम झालं आणि रांग पाहून माझी छाती फुगली. तेवढ्यात धुईतून फकीरभाई आला. तो आमचा शेजारी, भिंतीला भिंत. जवळा बाजार गावात शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करतो. आम्ही लहानपणापासून बरोबर.

"काय करून राहिला रे, मसाजी?"

"बघ. अक्षरं चुकली होती, ओळीनं लावली."

फकीरभाईनं चष्मा वर केला, खाली केला. मग तो खालीच बसला.

"तू लावली?"

"व्हय."

"काहून?"

"पोरीला सापडायला नको का?"

"या अल्ला! अरं, सगळ्या दुनियेत ती तशीच असतात! आमच्या नातीच्या, रुक्सारच्या लॅपटॉपवर बी तशीच हायेत. इंग्लिश बी उलटीसुलटी अन् मराठी बी. मी तिला इचारलं व्हतं."

"तशीच? चुकलेली?"

"चुकलेली न्हाई रे बाबा, तीच त्यांची जागा!"

मी चिमटा उचलला, पण कोणतं बटण कुठं होतं ते आठवेना. आयुष्यभर मी मेंढरं तोंडावरून ओळखली, कोण कुठं बसतं ते ध्यानात ठेवलं, आणि आता ब च्या शेजारी कोण होतं ते आठवत नव्हतं.

"रुक्सारला बोलाव," मी म्हटलं.

"ती हिंगोलीला गेली कालेजात. लॅपटॉप बी संगं नेला अन् फोन बंद."

"मंग काय करू?"

"सूनबाईला सांगून टाक."

"अन् तू?"

"मी," फकीरभाई उठत म्हणाला, "मी इथं आलोच न्हवतो." आणि धुईत दिसेनासा झाला.

सूनबाई केस पुसत बाहेर आली. मी धोतर सावरून उभा राहिलो.

"सूनबाई, एक सांगायचं व्हतं."

"मामा, आज काही सांगू नका. माझे हातपाय आधीच गार पडून राहिलेत."

"तसं न्हाई. समज, कोणाची जागा बदलली, तर... जमतं का?"

ती थबकली. तिचे डोळे भरून आले. "मामा, पुण्याचं तुमी मनाला कशाला लावून घेता? जागा बदलली की पहिल्यांदा जड जातं. मग होते सवय."

"किती दिसांत होते?"

"होईल दोन-तीन महिन्यांत."

परीक्षा दुपारी होती.

तिनं डोळे पुसले, लॅपटॉप तसाच मिटला आणि घरात नेला. मी मटकन ओट्यावर बसलो. चांगुणाबाईनं मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, घाम काहून फुटला? ह्या धुईत?"

"चांगुणे, मी घात केला."

"कोणाचा?"

"अक्षरांचा."

तिनं लगेच कांदा फोडला आणि माझ्या नाकाला लावला. (तिच्याकडं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे, आणि आजपर्यंत त्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढण्यापलीकडं काही केलेलं नाही.)

जेवणाच्या वेळी पुन्हा प्रयत्न केला. सूनबाईच्या पानाजवळ गेलो, "त्या बटणांचं," एवढंच म्हणालो, तर शिवहार म्हणाला, "बाबा, सदऱ्याचं बटण तुटलं असंल तर आई लावून देईल. तिला आज सुईदोरा घ्यायला नका लावू." चांगुणाबाईनं माझा सदरा धरून सगळी बटणं तपासली. एकही तुटलेलं नव्हतं. तिनं पुन्हा कांद्याकडं पाहिलं.

दुपार झाली. सूनबाई खोलीत लॅपटॉपपुढं बसली. मी दाराच्या फटीला डोळा लावला. नात माझ्या खांद्यावर, मिशी तिच्या मुठीत. मी मनात म्हणालो, धर बाई, घट्ट धर, काय भरवसा!

आत सूनबाईनं देवाला हात जोडले. लॅपटॉप उघडला. खाली पाहिलंच नाही, सरळ पडद्याकडं पाहिलं. मग तिनं पांढराशुभ्र पंचा घेतला आणि बटणांवर टाकला.

कापड कधी टाकतात ते मला ठाऊक होतं. मेला! लॅपटॉप मेला, आणि माझ्या चिमट्यानं मेला!

पण तिनं पंचाखाली हात घातले आणि आतून आवाज यायला लागला, टकटकटकटक. काट्याकुट्यांच्या वाडग्यात रातभर कोंडलेली मेंढरं सकाळी एकदम सोडावीत तसा. मला काहीच कळेना. सून कापडाखाली काय करून राहिली? चुकलेलं सगळं झाकून राहिली का? आवाज थांबला की माझा श्वास थांबायचा. आवाज सुरू झाला की भीती दुप्पट व्हायची, कारण जितकं जास्त टाइप तितकं जास्त चूक, एवढा हिशेब मलाही येत होता.

मग आवाज थांबला तो थांबलाच. आणि आतून किंकाळी आली, "मामा!"

मी नातीला चांगुणाबाईच्या हातात दिलं आणि मेंढरांच्या वाडग्यात जाऊन मेंढरांमध्ये बसलो. माणूस दिसू नये म्हणून वरून घोंगडी घेतली. मेंढरांनी मला जागा करून दिली. पण सूनबाईनं मला घोंगडीसकट ओळखलं.

"मामा! पास झाले मी! पडद्यावरच आलं! आता पुण्याला कुठं जायचं न्हाई!"

मी घोंगडीतून तोंड काढलं. "सगळं बराबर आलं?"

"एकच चूक."

"एकच?" मी तर सबंध कळप हलवला होता.

आता लपवून उपयोग नव्हता. मी तिथंच, मेंढरांच्या साक्षीनं, सगळं सांगितलं. ती पळत घरात गेली. तिनं पंचा काढून बटणं पाहिली, आणि अशी हसायला लागली की शेवटी खाली बसली.

"अहो मामा, टायपिंगवाले बटणांकडं बघतच न्हाईत! क्लासमध्ये आमच्या हातांवर कापड टाकूनच शिकवतात. वरचं अक्षर काही असू द्या, आतली जागा तीच राहती. बोटाला जागा कळती."

"अन् बोटाला कसं कळतं?"

"ह्या दोन रेघांवरून. ही दोन हलवली असती तर मात्र मेले असते मी."

मी त्या दोघांना पुन्हा हात जोडले. ती म्हणाली, "राहू द्या ओ आता. तुमी हौसेनं लावलं."

तेव्हापासून तिचं काम जोरात सुरू आहे, नात घरात आहे, मिशी थोडी विरळ झाली आहे. सांजेला सूनबाई मला टायपिंग शिकवते. म्हणते, मामा, बघू नका. आता मी म्हातारा माणूस, बघितल्याशिवाय कसं दाबणार? घरात बटणांकडं बघणारा मी एकटाच. माझी रांग पाहून मी एकेक अक्षर हुडकतो, जपून दाबतो. माझं नाव दाबलं तर पडद्यावर उमटलं 'मसादी'. चांगुणाबाईचं दाबलं तर 'गांहुणाटाई'. तिनं ते वाचून घेतलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

काल फकीरभाई आला. म्हटलं, याला खूश करावं. त्याचं नाव टाइप केलं. बराच वेळ लागला. पडद्यावर आलं, 'छबीर'.

त्यानं चष्मा वर केला, खाली केला.

"फकीरभाई," मी म्हटलं, "रुक्सारला बोलाव एकदा. बटणं परत जागच्या जागी लावून घेऊ. लई तकलीफ होऊन राहिली."

फकीरभाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "राहू दे रे मसाजी. सूनबाईला तकलीफ न्हाई, मशीनला तकलीफ न्हाई, छापखान्याला तकलीफ न्हाई. एकट्या तुलाच हाय ना? मंग घरात सगळं बराबर चालू हाय की!"