सीलबंद गडू

लंडनच्या स्टॅनमोर उपनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या भास्करराव जोगळेकरांना बंद वस्तू सहन होत नसे. माझ्याकडे सत्यनारायणाला आले की प्रसादाचा डबा, तुपाची बरणी, इतकेच काय, मला कौन्सिलकडून आलेला लिफाफाही ते खिशातल्या चाकूने आधी उघडीत. "शास्त्रीबुवा, सील म्हणजे पुरावा नव्हे," एवढेच म्हणत.

या वेडाला कारण होते. पूर्व आफ्रिकेतील एका इंग्रजी वसाहतीच्या खजिन्यात ते अधिकारी होते आणि रोखपाल गोविंद हा त्यांचा जिवलग मित्र. नाण्यांच्या पिशवीवर गोविंदचे सील दिसले की भास्करराव ती न उघडता सही करीत. हिशेब मागितला की गोविंद म्हणे, "भास्कर, आठ दिवस थांब." भास्करराव थांबत. चार महिन्यांनी तपासनीस आला, तेव्हा पिशव्यांत लोखंडी चकत्या निघाल्या. गोविंद पळाला, भास्कररावांचे निवृत्तिवेतन अर्धे झाले.

ते राज्य गेले, खजिना गेला, तरी एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावरही ते दर जानेवारीत नवा खुलासा लिहून मला वाचून दाखवीत: हिशेबास विलंब का झाला आणि अपहार ध्यानात का आला नाही.

"अहो, हे मागितलंय कोणी?"

"मागणारे मेले. म्हणून काय उत्तर द्यायचं नाही?"

खुलाशात स्वतःच्या चुका कलमवार असत. गोविंदविरुद्ध एक अक्षर नसे.

त्यांच्या देव्हाऱ्यात गंगेचा एक गडू होता, तोंड झाळून बंद केलेला. तेवढा मात्र त्यांनी कधी उघडला नाही. "गोविंदनं काशीहून आणला होता," ते एकदा पुटपुटले.

अखेरच्या आजारात इस्पितळात त्यांनी तो गडू आणि आपला चाकू माझ्या हाती दिला. दृष्टी गेलेलीच होती. "आता फोडा. दोन थेंब तोंडात घाला."

मी झाकण काढले. आत तांबे कोरे करकरीत होते. पाणी त्याला कधी शिवलेच नव्हते.

कोपऱ्यातल्या नळाखाली मी गडू धरला आणि मनोभावे गंगेचे आवाहन केले.

"किती आहे?"

"काठोकाठ."

"पाहिलंत ना उघडून?"

"पाहिलं."

दोन थेंब घशाखाली उतरल्यावर त्यांचा चेहरा निवला. "बघा. म्हणून मी त्याच्या सीलवर सही करत होतो. खुलाशात हे कलम राहिलं होतं, तेवढं लिहा."

मी लिहिले, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.